तोंडी ठरलेली पोटगी, चार लाखांची थकबाकी आणि दरखास्त

आमचा घटस्फोट जून २०१७ मध्ये झाला, पुण्याच्या फॅमिली कोर्टात, परस्पर संमतीने. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींमध्ये, तिच्यासाठी लिहिलेलं असं, की जुलै २०१७ पासून महिना १०,००० रुपये, दर दोन वर्षांनी १० टक्के वाढ, शाळेची फी निम्मी निम्मी, आणि एक आड एक शनिवार-रविवार ती बाबाकडे. मी स्वतःसाठी काही मागितलं नाही कारण मला नोकरी होती. या अटी हुकूमनाम्यालाच, म्हणजे कोर्टाच्या अंतिम निर्णयालाच, जोडलेल्या होत्या, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच उभं राहिलं.

पहिली दोन वर्षं पाच तारखेच्या आत पैसे यायचे. जुलै २०१९ पासून ११,००० यायला हवे होते पण दहाच येत राहिले, मी विचारलं तर दिवाळीपासून वाढवतो म्हणाला, ते तसंच राहिलं. मग मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि त्याचा पगार निम्म्यावर आला. त्याने स्वतः फोन करून सांगितलं, लपवलं नाही, आणि मी व्हॉट्सॲपवर लिहिलं की "पगार पूर्ववत होईपर्यंत सहा हजार दे, बाकीचं मी बघते." त्याचा अंगठा आला, विषय संपला. माणसाचा पगार अर्धा झालेला असताना त्याच्या मागे कागद घेऊन लागायचं नसतं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही तसंच वाटतं.

एप्रिल २०२१ ला त्याला दुसरी नोकरी लागली, पगार आधीपेक्षा जास्त, हे लेकीकडूनच कळलं आणि नंतर त्यानेच लिंक्डइनवर टाकलं. पण सहा हजार काही हलले नाहीत. मी मधून मधून मेसेज करायचे, आता नीट सुरू कर, फीची पावती पाठवतेय, त्यावर "बघतो", "पुढच्या महिन्यात", "जरा दम धर". २०२२ ला एकदा त्याने शाळेची पूर्ण फी, ३८,००० रुपये, थेट शाळेत भरली, ते मला खरंच बरं वाटलं होतं. त्यानंतर त्याचं दुसरं लग्न झालं, फ्लॅटचा हप्ता सुरू झाला, आणि नोव्हेंबर २०२३ पासून पैसे पूर्ण बंद. फोन केला तर म्हणाला, आपलं सहा हजाराचं ठरलं होतं, आता तेही जमत नाहीये, तू कमावतेस ना.

घरात दोन मतं होती. आई म्हणायची जाऊ दे, कशाला परत कोर्टाची पायरी. दादा म्हणायचा मुलीला भेटायला पाठवू नकोस, बरोबर पैसे येतील. दादाचं हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही आणि नंतर वकील मॅडमनी पण तेच सांगितलं, की भेट हा मुलीचा हक्क आहे आणि खर्चही मुलीचा हक्क आहे, एकासाठी दुसरा अडवला तर कोर्टात उलट तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल. या सगळ्या काळात एक शनिवार पण चुकवला नाही. ज्या बायका आता याच टप्प्यावर आहेत त्यांना कळकळीने सांगते, नातेवाईक कितीही म्हणू देत, हे करू नका.

वकील मला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बायका आणि मुलांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. मला वाटायचं आपल्याला पगार आहे म्हणजे आपल्याला कसा मिळेल. मिळतो. शिवाजीनगरला जिल्हा कोर्टाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस आहे, अर्ज, आधार कार्ड आणि हुकूमनाम्याची नक्कल, एवढंच लागलं. नाहीतर १५१०० ही त्यांची हेल्पलाइन आहे. आणि महाराष्ट्रात १९९४ च्या शासनाच्या अधिसूचनेने बायकांना पोटगीच्या केसला कोर्ट फी माफ आहे, तोही खर्च आला नाही.

मॅडमनी पहिला प्रश्न काय विचारला असेल तर "ताई, तुमची पोटगी कशाखाली ठरली?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. पोटगीचा हुकूम जर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा असेल (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय) तर वसुलीच्या वॉरंटसाठी, रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे तोंडी तोंडी दोन-तीन वर्षं घालवली तर जुने महिने त्या वॉरंटमधून निसटायला लागतात. उलट तिथे न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे तो रस्ता कडक आहे पण घाईचा आहे. माझ्या अटी घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच होत्या, त्यामुळे माझा रस्ता दिवाणी, म्हणजे दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज), फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम १८ आणि सीपीसीचा (दिवाणी प्रक्रिया संहितेचा) ऑर्डर २१. तिथे मुदत १२ वर्षं, आणि दर महिन्याच्या रकमेची मुदत तो महिना चुकला त्या तारखेपासून मोजतात. हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं, कारण तोवर मी धरून चालले होते की २०१९, २०२० चं सगळं बुडालं. माझ्या ऑफिसमधल्या एकीचा हुकूम १२५ चा आहे आणि ती पण "देईल देईल" करत थांबली होती, मी त्याच संध्याकाळी तिला फोन केला.

मग सुरू झालं हिशोबाचं काम. कोर्टाच्या तारखा वगैरे नंतर, खरी मेहनत इथेच आहे. बँकेच्या ॲपवर इतक्या मागचं स्टेटमेंट दिसत नव्हतं, ब्रँचला अर्ज देऊन २०१७ पासूनचं शिक्क्यासकट काढलं. जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरले, त्याच्या नावाची प्रत्येक एन्ट्री हिरव्या पेनाने मार्क केली आणि एक तक्ता केला. एका बाजूला हुकूमनाम्याप्रमाणे किती, मध्ये किती आले, शेवटी किती कमी. जुलै २०१९ ते मार्च २०२० महिना हजार कमी, म्हणजे ९,०००. एप्रिल २०२० ते जून २०२१ अकराच्या जागी सहा, १५ महिन्यांचे ७५,०००. जुलै २०२१ पासून रक्कम १२,१०० झाली होती, २४ महिने, १,४६,४०० कमी. जुलै २०२३ पासून १३,३१०, त्यातले चार महिने सहा हजार आले म्हणून २९,२४०, आणि नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ काहीच नाही, १,०६,४८०. सगळे मिळून ३,६६,१२०. फीमध्ये त्याच्या वाट्याचे ५७,५०० राहिले होते, पण त्या एका वर्षी त्याने माझा अर्धा वाटा, १९,००० रुपये, भरला होता तो मी वजा केला, उरले ३८,५००. एकूण ४,०४,६२०.

आकडा बघून मी बराच वेळ तशीच बसले होते. महिन्याला पाच-सहा हजार कमी पडतात तेव्हा आपण आपला खर्च आवळतो आणि पुढे जातो, लेकीचा चित्रकलेचा क्लास बंद केला होता, ट्रिपला नाही म्हणलं होतं, ते सगळं एका रकमेत समोर आलं.

काही एन्ट्रींवर खूप विचार केला. यूपीआयने आलेले तीन हजार, रिमार्कमध्ये "बर्थडे". सायकल त्याने दुकानातून थेट घेऊन दिलेली. हे वजा करायचं का? मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं, वडिलांनी मुलीला दिलेली भेट वेगळी आणि पोटगी वेगळी, पण काही लपवू नका, त्याचा वेगळा कागद करा. मग मी दुसरा तक्ता केला, भेटी म्हणून, तारखेसकट, आणि तोही फाईलला लावला. त्याचा नंतर फायदा झाला, कारण समोरून "हिने मी दिलेलं काहीच मोजलं नाही" असा आरोप आला तेव्हा मॅडमनी तो कागद फक्त पुढे केला.

व्हॉट्सॲपचं पण सांगते. स्क्रीनशॉट काढून झेरॉक्स दिली की पुरावा झाला असं नाही. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून प्रिंट काढली आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागलं, आधी ते ६५ब म्हणून ओळखायचे. माझा मधे फोन बदलला होता पण बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हा चॅट डिलीट करत बसू नका, कितीही नकोसे वाटले तरी.

आधी नोटीस पाठवली, रजिस्टर पोस्टाने. त्याचं उत्तर वकिलामार्फत आलं. मुद्दे तीन होते, एक म्हणजे सहा हजाराचं दोघांत ठरलं होतं आणि मी तीन वर्षं ते मुकाट घेतले म्हणजे जुना आकडा रद्द झाला, दुसरं त्याने सायकल, मोबाईल, कपडे, फिरायला नेणं यावर भरपूर खर्च केलाय, आणि तिसरं आता त्याच्यावर दुसऱ्या संसाराची जबाबदारी आहे, लहान बाळ आहे, घराचा हप्ता आहे.

पहिल्या मुद्द्याने मी घाबरले होते, कारण मी लिहून दिलेलं होतंच ना. मॅडम म्हणाल्या, हुकूमनामा कोर्टाचा आहे, तो बदलायचा तर कोर्टच बदलणार, तुम्ही दोघं चहा पिता पिता नाही. ऑर्डर २१ रूल २ मध्ये असं आहे की कोर्टाबाहेर झालेलं पेमेंट किंवा तडजोड कोर्टात नोंदवली नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती विचारात घेत नाही. नोंदवायची जबाबदारी पैसे घेणाऱ्यावर असते आणि देणाऱ्याला पण तसा अर्ज करता येतो, त्याला ३० दिवसांची मुदत आहे. त्यामुळे सहा हजाराची "तडजोड" कोर्टाच्या दृष्टीने कुठे नव्हतीच. पण याच नियमाची दुसरी बाजू बघा, त्याने खरोखर भरलेले पैसे सुद्धा नोंदवलेले नव्हते. ते मी मान्य केले म्हणून धरले गेले, शिवाय बँकेतून आलेले असल्यामुळे नाकारता आले पण नसते. जे बाप रोख देतात आणि काही लिहून घेत नाहीत त्यांची अवस्था यात फार वाईट होते, हे मी त्यांच्याही बाजूने सांगते.

आणि त्याची खरंच ओढाताण होत असेल तर त्यालाही दार उघडं होतंच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांच्या खर्चाचा हुकूम परिस्थिती बदलली तर बदलून मागता येतो. चार वर्षांत त्याने एकदाही तो अर्ज केला नाही. बाळ झालं म्हणून पहिल्या मुलीचा खर्च आपोआप कमी होत नाही, तसं कोर्टाला सांगावं लागतं, पगाराच्या स्लिपा दाखवून.

जुलै २०२४ मध्ये दरखास्त दाखल केली. दरखास्तीचा जो नमुना असतो त्यात रकाने असतात, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, किती रक्कम हवी, कशा पद्धतीने वसूल करून हवी, आणि एक रकाना असतो की हुकूमनाम्यानंतर पक्षकारांमध्ये काही पेमेंट किंवा तडजोड झाली का. मॅडमनी माझ्याकडून तो रकाना तीनदा वाचून घेतला. इथे आलेला प्रत्येक रुपया लिहायचा, म्हणाल्या, सहा हजाराचा मेसेज पण लिहायचा, आपणच सांगायचं, त्यांनी सांगायची वाट बघायची नाही. खाली सत्यापनावर सही माझी होती, त्यामुळे मलाही तसंच हवं होतं. वसुलीच्या पद्धतीत पगार जप्ती मागितली. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचा थोडाच भाग जप्त होतो, पण पोटगीचा हुकूमनामा असेल तर सीपीसीच्या कलम ६० प्रमाणे पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो, बाकीच्यावर जप्ती येऊ शकते, आणि खाजगी कंपनीत असला तरी ऑर्डर कंपनीला जाते. त्यासाठी कंपनीचं नाव, ऑफिसचा पत्ता हे द्यावं लागतं, ते आधीच शोधून ठेवा.

हुकूमनाम्याला दोन वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर आधी समोरच्याला नोटीस काढावीच लागते, त्यामुळे जप्ती लगेच होत नाही. पहिल्यांदा बेलिफ (नोटीस पोचवणारा कोर्टाचा माणूस) गेला तेव्हा घर बंद, मग दुसऱ्या पत्त्यावर बजावणी झाली. तो हजर झाला, से (लेखी म्हणणं) द्यायला मुदत मागितली, मग त्याचं म्हणणं आलं, तेच तीन मुद्दे. दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगितलं. हे प्रतिज्ञापत्र रजनेश विरुद्ध नेहा या सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या केसमध्ये सगळीकडे ठरलेल्या नमुन्यात घेतात, ती केस मुळात नागपूरच्या फॅमिली कोर्टातली. त्याच निकालात असंही आहे की पोटगीचा हुकूम दिवाणी पैशाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. त्याच्या प्रतिज्ञापत्रात पगार ८५,००० च्या आसपास निघाला. "जमत नाही" ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की खरंच नसतील, ते कागदावर बघून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. केस चालू असताना चालू महिन्याचे १३,३१० मात्र तो भरायला लागला.

मग मध्यस्थीला पाठवलं. खोलीत आम्ही दोघं, दोघांचे वकील आणि मध्यस्थ मॅडम. त्याने सुरुवातीलाच सांगितलं की दोन लाखात मिटवू. मी माझा तक्ता पुढे ठेवला आणि म्हणलं की एक एक ओळ वाच, जी ओळ चुकीची वाटते ती सांग. त्याने वाचलं. शांतपणे वाचलं, हे मी मान्य करते, आणि जून २०२१ पर्यंत त्याला एकही आकडा खोडता आला नाही. मग तो म्हणाला लॉकडाऊनचे तरी धरू नकोस, तू शब्द दिला होतास.

ते खरं होतं. एप्रिल २०२० ते मार्च २०२१, त्याला नवीन नोकरी लागेपर्यंतचे १२ महिने, पाच हजाराने ६०,००० होतात. मी घरूनच ठरवून गेले होते की हे सोडायचे. मॅडमनी आधी सांगितलं होतं की कोर्ट तो मेसेज मानणार नाही, कायद्याने पूर्ण मिळतील. पण शब्द मी दिला होता, कायद्याने नाही. मी म्हणलं ठीक आहे, साठ सोडते. तर मध्यस्थ मॅडम मला म्हणाल्या, "हे पैसे तुमचे आहेत का?" मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा असतो, आईबापांनी आपसात मिटवून तो संपत नाही, कोर्टांनी हे वेळोवेळी सांगितलंय. मला हे ऐकून माहीत होतं, पण स्वतःवर आल्यावर जाणवलं. ज्या वर्षी मी सहा हजारावर हो म्हणलं त्या वर्षी कमी माझ्या नाही, लेकीच्या खर्चात पडलं होतं.

तोडगा त्यांनीच सुचवला आणि तो मला फार आवडला. ते ६०,००० थकबाकी म्हणून मला द्यायचे नाहीत, तिची दहावी होईपर्यंत त्याने तिच्या नावाने एफडी करायची, पालक म्हणून मी, आणि ते पैसे पुढच्या शिक्षणालाच वापरायचे. म्हणजे त्याला दिलेली सवलत पण राहिली, फक्त मुदतीची झाली, आणि लेकीचे पैसे लेकीकडेच. तो लगेच हो म्हणाला. मला वाटतं तिच्या नावाने ठेव हे ऐकल्यावर त्याचाही सूर बदलला, मला देणं आणि तिला देणं यात त्याच्या मनात फरक होता आणि तो बहुतेक घटस्फोटित बापांच्या मनात असतो. घरभाडं, डबा, रिक्षा, ट्यूशन हे सगळं तिलाच दिलेलं असतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

बाकी असं ठरलं की १,०४,६२० लगेच डीडीने, उरलेले २,४०,००० महिना २०,००० प्रमाणे १२ हप्त्यात, मार्च २०२५ पासून, आणि चालू पोटगी वेगळी, पाच तारखेला बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन, मेसेज न करता. जुलै २०२५ पासून १४,६४१ होतील हा आकडा सुद्धा लिहून घेतला, वाढ म्हणून नुसतं मोघम सोडलं नाही. फीची पावती ईमेलने पाठवल्यापासून १५ दिवसात त्याचा वाटा. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर राहिलेली सगळी रक्कम एकदम देय आणि पगार जप्तीचा अर्ज तिथूनच पुढे चालू. भेटवस्तू कशातच धरायच्या नाहीत, हेही वाक्य मी आग्रहाने टाकायला लावलं. आणि शेवटचं, यातलं काहीही बदलायचं तर दोघांच्या सहीने लेखी, आणि कोर्टात पुरसीस (लेखी निवेदन) देऊन. दरखास्त शेवटच्या हप्त्यापर्यंत पेंडिंग ठेवली, निकाली काढून घेतली नाही, ही पण मॅडमचीच सूचना. दर हप्ता आला की मी पोच देते आणि त्याची नोंद करून घेते, म्हणजे उद्या त्यालाही कोणी म्हणू नये की भरलेच नाहीत.

लेकीला आम्ही दोघांनीही यातलं फार सांगितलं नाही. तिला एवढंच माहितीये की आई-बाबांचं पैशाचं काहीतरी चालू होतं आणि ते मिटलं. चित्रकलेचा क्लास परत लावलाय.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, यावेळचा हप्ता पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून दिला तर चालेल का. मी लिहिलं, चालेल, आईंना सांभाळ, मॅडमना सांगून कागद करते. एका पानाची पुरसीस झाली, कोणता हप्ता, किती, कोणत्या तारखेपर्यंत, दोघांच्या सह्या. चालू महिन्याचे पैसे पाच तारखेला आले आणि परवा दोन्ही हप्त्यांचे ४०,००० एकदम जमा झाले.